इंटरफेरोमीटर : घोड्याच्या चालीपासून औंढ्याच्या माळापर्यंत

इंटरफेरोमीटर हा इंग्रजी जोडशब्द तीन तुकड्यांचा आहे. ‘इंटरफिअर’ हे क्रियापद, ‘मीटर’ हा मोजमापाचा प्रत्यय आणि दोघांना सांधणारा मधला ‘ओ’. दोन लहरी एकत्र आल्या म्हणजे त्यांचा मेळ बसतो की बिघडतो हे पाहून लांबी, कोन किंवा वेग मोजणारे उपकरण, हा त्याचा आजचा अर्थ. १८९०च्या दशकात तो इंग्रजीत रुळला. हिंगोली जिल्ह्यात तो पोचला एकविसाव्या शतकात, ‘लायगो-इंडिया’ या प्रकल्पाच्या नावातून. कळमनुरीच्या शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचा इंटरफेरोमीटर उभा राहायचा आहे. शब्दाचे तुकडे मात्र यंत्राहून कितीतरी जुने आहेत आणि त्यांतल्या दोहोंचे मराठीशी दूरचे पण पक्के नाते आहे.

पहिला तुकडा तबेल्यातला आहे. लॅटिनमध्ये ‘इंटर’ म्हणजे मध्ये किंवा परस्परांत आणि ‘फेरीरे’ म्हणजे मारणे, ठोकणे. यांवरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एकमेकांवर प्रहार करणे’ या अर्थाचे क्रियापद झाले. ते इंग्रजीत पंधराव्या शतकात आले आणि पुढच्या शतकात घोड्यांच्या संदर्भात स्थिरावले. चालताना किंवा दौडताना घोड्याचा एक पाय दुसऱ्या पायाच्या आतल्या बाजूला आपटतो, तिथली कातडी सोलवटते, जखम होते आणि जनावर लंगडू लागते. या दोषाला इंग्रज घोडेवाले ‘इंटरफिअर’ म्हणत, आणि पशुवैद्यकात तो अर्थ अजूनही जिवंत आहे. दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणे हा आज सर्वांत परिचित अर्थ त्याला सतराव्या शतकात चिकटला. ‘रेफर’, ‘ट्रान्सफर’ या शब्दांतला ‘फर’ वाहून नेणे या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन धातूचा आहे. उच्चार जवळचा असल्याने हे दोन धातू एकच समजले जातात, पण इंटरफेरोमीटरमध्ये वाहून नेणारा कोणी नाही, आपटणारा आहे.

या जुन्या अर्थाला हिंगोलीत एक ठिकाण होते. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी हिंगोलीला होती. १९०३ मध्ये ती मोडली. तिच्यात पायदळ होते तसे घोडदळही होते. शेकडो घोड्यांची निगा राखणाऱ्या त्या तबेल्यांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या तोंडी हा शब्द मूळच्या अर्थाने असणार. ज्या काळात भौतिकशास्त्रज्ञ त्याच शब्दाला मापनाचा प्रत्यय जोडत होते, त्याच काळातली ही गोष्ट आहे.

तबेल्यातून हा शब्द प्रकाशशास्त्रात आणला तो थॉमस यंग यांनी. यंग (१७७३–१८२९) हे लंडनमध्ये वैद्यकी करणारे डॉक्टर होते. नोव्हेंबर १८०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी प्रकाश ही लहर आहे असे मांडले आणि १८०२ पर्यंत ‘प्रकाशाच्या इंटरफिअरन्सचा नियम’ सांगितला. न्यूटनच्या मताने प्रकाश म्हणजे कणांचा झोत होता आणि इंग्लंडात न्यूटनविरुद्ध बोलणे सोपे नव्हते. यंग यांचा विचार ध्वनीपासून सुरू झाला. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा सुरात किंचित उणे-अधिक असल्या की एकसंध नाद न येता आवाज चढतो, पडतो, पुन्हा चढतो. दोन्ही तारांच्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना मारतात. यंग यांनी हेच प्रकाशाला लावले. एकाच उगमातून निघालेले दोन किरण वेगळ्या वाटांनी येऊन एका जागी भेटले, तर वाटांच्या लांबीतल्या फरकाप्रमाणे तिथे उजेड वाढेल किंवा अंधार होईल. उजेडात उजेड मिळवून अंधार होतो हे म्हणणे लोकांना पटणे अवघड होते. ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकातून हेन्री ब्रूअम यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. पुढे फ्रान्समध्ये ओग्युस्तें फ्रेनेल यांनी लहरींचे गणित भक्कम उभे केले तेव्हा बाजू पालटली. मूळ फ्रेंच घराण्यातला हा शब्द शास्त्रीय अर्थ घेऊन इंग्रजीतून फ्रेंचमध्ये परत गेला.

यंग यांच्या नावावर आणखी एक शब्द आहे. १८१३ मध्ये एका परीक्षणलेखात त्यांनी युरोप आणि भारतातल्या नात्याच्या भाषांच्या कुळाला ‘इंडो-युरोपियन’ हे नाव दिले. इजिप्तची चित्रलिपी वाचण्याच्या कामातही त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी नाव दिलेल्या त्या कुळातच मराठी येते. लॅटिन ‘इंटर’ आणि संस्कृत ‘अंतर्’ हे एकाच मुळाचे फाटे आहेत. ‘अंतर्गत’, ‘आंतरजातीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ यांतला ‘आंतर’ आणि इंटरफेरोमीटरचा ‘इंटर’ भाऊभाऊ ठरतात. ‘मीटर’ची कहाणी तशीच. ग्रीक ‘मेत्रोन’ म्हणजे माप, आणि संस्कृत ‘मा’ म्हणजे मोजणे, ज्यावरून मात्रा, प्रमाण, मापन आले. फारसीत त्याच मुळावरून ‘पैमा’ आणि ‘पैमाईश’ झाले. निजामाच्या मुलखात महसुली कागदांतून जमिनीची पैमाईश होत असे, आणि क्रांतीनंतरच्या फ्रान्सने लांबीच्या नव्या एककाला ‘मीटर’ म्हटले. दोन्हींच्या तळाशी एकच धातू आहे.

मधला ‘ओ’ हा निव्वळ जोड आहे. ग्रीक समासात दोन पदांच्या मध्ये हा स्वर येतो. संस्कृतात जे काम संधी करते, जवळपास तेच तो करतो. इंटरफेरोमीटरमध्ये पहिले पद लॅटिनचे, दुसरे ग्रीकचे आणि सांधा ग्रीक पद्धतीचा आहे. असे संकर भाषाशुद्धीच्या आग्रही लोकांना रुचत नाहीत. पण विज्ञानाला नाव लगेच हवे असते, आणि थर्मामीटर, बॅरोमीटरच्या रांगेत बसणारा शब्द वाचणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगतो की हे मोजायचे साधन आहे. संकराच्या दोषापेक्षा हा गुण मोठा ठरला.

यंत्र शब्दाच्या आधी आले होते. फ्रान्समध्ये झ्यूल जामें यांनी १८५६ मध्ये दोन किरणांच्या मेळातून वायू आणि द्रवांचा अपवर्तनांक, म्हणजे त्यांत शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, मोजण्याचे साधन केले. अपवर्तन मोजते म्हणून त्या जातीच्या साधनांना ‘रिफ्रॅक्टोमीटर’ म्हणत. अमेरिकेचे अल्बर्ट मायकेलसन (१८५२–१९३१) यांनी १८८१ मध्ये जर्मनीत असताना वेगळ्याच हेतूने आपले यंत्र बांधून घेतले. अवकाशभर ‘ईथर’ भरला आहे आणि प्रकाश त्यातून लहरत जातो अशी तेव्हाची समजूत होती. तसे असेल तर ईथरमधून धावणाऱ्या पृथ्वीवर प्रकाशाचा वेग दिशेप्रमाणे थोडा बदलला पाहिजे. मायकेलसन यांनी एक किरण अर्धपारदर्शक काचेवर पाडून त्याचे दोन भाग केले, ते काटकोनात दोन वाटांनी पाठवले, टोकाच्या आरशांवरून परत आणले आणि एकत्र केले. दोन वाटांत रेसभरही फरक पडला की उजेड-अंधाराचे पट्टे सरकणार होते. या कामाला पैसे दिले टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल यांनी.

बर्लिनमध्ये मात्र पट्टे स्थिर राहीनात. रस्त्यावरच्या गाड्यांनी जमीन थरथरत होती. मायकेलसन यंत्र घेऊन पॉट्सडॅमच्या वेधशाळेत गेले आणि तिथे ते तळघरात ठेवले. तरीही सुमारे शंभर मीटरवर फरसबंदीवर कोणी पाय आपटला की पट्टे नाहीसे होत, अशी नोंद त्यांनी स्वतः केली आहे. इंटरफेरोमीटरच्या इतिहासात ही नोंद महत्त्वाची आहे. हे उपकरण प्रकाशाइतकेच जमिनीचेही ऐकते, हे तिथे पहिल्यांदा स्पष्ट झाले, आणि पुढच्या प्रत्येक मोठ्या यंत्राची जागा याच अडचणीने ठरवली. १८८७ मध्ये क्लीव्हलंड इथे एडवर्ड मोर्ले यांच्यासोबत प्रयोग पुन्हा केला तेव्हा सगळी मांडणी दगडाच्या जाड लादीवर होती आणि ती लादी पाऱ्यावर तरंगत ठेवलेली होती. पट्टे अपेक्षेइतके सरकलेच नाहीत. ईथरच्या कल्पनेला त्यातून मोठा तडा गेला.

या काळापर्यंत मायकेलसनही आपल्या यंत्राला रिफ्रॅक्टोमीटरच म्हणत. १८८२च्या त्यांच्या एका लेखाच्या शीर्षकात ते ‘रिफ्रॅक्टोमीटरचा नवा प्रकार’ असे येते. पण या यंत्रात अपवर्तनांक मोजायचाच नव्हता, त्यामुळे नाव खोटे पडू लागले. १८९२–९३ मध्ये पॅरिसजवळ सेव्र इथे मायकेलसन यांनी प्रमाण मीटरची पट्टी कॅडमियमच्या लाल प्रकाशाच्या लहरींत मोजली. एका मीटरमध्ये त्या १५,५३,१६३.५ लहरी बसतात असे निघाले. इंटरफिअरन्स आणि मीटर हे दोन्ही एका कामात इतके एकत्र आले की जुने नाव मागे पडून ‘इंटरफेरोमीटर’ पुढे येणे स्वाभाविक होते. १९०७चे नोबेल पारितोषिक मायकेलसन यांना अशाच सूक्ष्म प्रकाशीय उपकरणांसाठी आणि त्यांनी केलेल्या मापनांसाठी मिळाले. १९२० मध्ये माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर वीस फुटांचा इंटरफेरोमीटर चढवून फ्रान्सिस पीझ यांच्यासह त्यांनी काक्षी ताऱ्याचा व्यास मोजला.

हा काळ कळमनुरीत निजामाच्या राजवटीचा होता. कळमनुरी हा हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्याचा तालुका होता. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू, अशी व्यवस्था. उच्च शिक्षणही उर्दूतून देण्याचे संस्थानाने ठरवले. १९१७ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान निघाले आणि त्याच वर्षी पाठ्यपुस्तकांसाठी ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे अनुवाद विभाग सुरू झाला. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख होते. रसायन, भौतिकी, वैद्यक, अभियांत्रिकी या विषयांतली हजारो इंग्रजी नावे उर्दूत आणायची होती. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये परिभाषा कशी घडवावी यावर ‘वज़-ए-इस्तिलाहात’ हा ग्रंथच लिहिला. भारतीय भाषेत विद्यापीठीय विज्ञान शिकवण्याचा एवढा मोठा प्रयोग त्या काळात दुसरीकडे झाला नाही. मराठवाड्याच्या इतिहासात रझाकारांच्या जुलमाच्या आठवणी इतक्या दाट आहेत की या कामाची नोंद सहसा होत नाही. मराठी मुलांवर परकी भाषा लादली गेली हे खरे आणि त्याचा सल रास्त आहे. तरी परिभाषेचे ते काम कसदार होते, हेही मान्य केले पाहिजे.

उर्दूत इंटरफिअरन्सला ‘तदाखुल’ म्हणतात. अरबी ‘दख़ल’ म्हणजे आत शिरणे. तदाखुल म्हणजे एकमेकांत शिरणे. मराठीला हे कुटुंब अनोळखी नाही. शाळेत ‘दाखल’ होणे, तहसिलीतून ‘दाखला’ काढणे, तक्रारीची ‘दखल’ घेणे, हे सगळे त्याच धातूचे. त्याला ‘पैमा’ जोडला की इंटरफेरोमीटर होतो.

१७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान मोकळे झाले आणि उस्मानियातले उर्दू माध्यम पुढे संपले. त्याच वर्षी पुण्यात य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश काढले. दिल्लीत १९६१ मध्ये वैज्ञानिक परिभाषेसाठी केंद्रीय आयोग नेमला गेला. भारतीय भाषांत शक्यतो एकच संस्कृतनिष्ठ संज्ञा चालावी, असे धोरण होते. मराठी आणि हिंदी दोन्हींत इंटरफिअरन्सला ‘व्यतिकरण’ ही संज्ञा रूढ झाली. संस्कृत ‘व्यतिकर’ म्हणजे परस्परांत मिसळणे. तापमापी, वायुभारमापी यांच्या चालीवर इंटरफेरोमीटरला ‘व्यतिकरणमापी’ म्हणतात.

लॅटिनने आपटणे पाहिले, अरबीने आत शिरणे, संस्कृतने मिसळणे. भौतिकीच्या दृष्टीने पाहिले तर लॅटिनची प्रतिमा सर्वांत कच्ची आहे. दोन प्रकाशलहरी एकमेकींवर आपटून जखमी होत नाहीत. भेटीच्या जागेपुरता त्यांचा मेळ किंवा बेमेळ दिसतो आणि त्यापुढे दोन्ही जशाच्या तशा निघून जातात. ‘व्यतिकरण’ अधिक नेमका आहे, पण तो पाठ्यपुस्तकाबाहेर पडला नाही. मराठी वर्तमानपत्रे आणि प्राध्यापक बोलताना इंटरफेरोमीटरच म्हणतात. ‘गुरुत्वीय लहरी’ हा शब्द मात्र मराठीने सहज उचलला, कारण ‘गुरुत्व’ आणि ‘लहर’ दोन्ही आधीपासून तोंडी होते.

महाराष्ट्रात मोठे इंटरफेरोमीटर लायगोच्या आधीच आले होते, फक्त ते रेडिओलहरींचे होते. ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या बत्तीस लहान थाळ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये कल्याणला मांडल्या आणि सूर्याचे वेध घेतले. पुढे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची ‘जीएमआरटी’ ही महादुर्बीण उभी राहिली. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यातल्या या थाळ्यांनी पकडलेल्या लहरींचा मेळ घालून आकाशाचे चित्र काढले जाते.

लायगोची गोष्ट १९१६ मध्ये सुरू होते. गुरुत्वाकर्षणाच्याही लहरी असतात, असे आइन्स्टाइन यांनी त्या वर्षी दाखवले. अशी लहर जाते तेव्हा अवकाश एका दिशेने किंचित ताणले जाते आणि काटकोनातल्या दिशेने आखडते. मायकेलसन यांच्या यंत्राच्या दोन काटकोनी भुजा नेमका हाच फरक मोजतात. १९७२ मध्ये एमआयटीचे रेनर वाइस यांनी असा इंटरफेरोमीटर कसा बांधता येईल आणि त्यात कोणकोणत्या अडचणी येतील याचा तपशीलवार अहवाल लिहिला. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथे चार-चार किलोमीटर भुजांची दोन यंत्रे उभी राहिली. निर्वात नळ्यांतून लेसरचा प्रकाश आरशांमध्ये शेकडो वेळा ये-जा करतो. टोकाचा प्रत्येक आरसा चाळीस किलोचा असून काचेच्या केसासारख्या तंतूंवर टांगलेला असतो. यंत्र असे जुळवून ठेवतात की दोन्ही भुजांतून परतलेला प्रकाश बाहेरच्या वाटेवर जवळपास पूर्ण एकमेकाला मारतो. लहर आली की मेळ ढळतो आणि त्या वाटेवरचा प्रकाश बदलतो. १४ सप्टेंबर २०१५ला तसे झाले. सुमारे २९ आणि ३६ सूर्यांएवढ्या वस्तुमानांची दोन कृष्णविवरे १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत विलीन झाली होती. त्या लहरीने चार किलोमीटरच्या भुजेची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांश भागाइतकीच बदलली. लिव्हिंगस्टनला संकेत सुमारे सात मिलिसेकंद आधी पोचला. ११ फेब्रुवारी २०१६ला शोध जाहीर झाला.

असे क्षीण संकेत गोंगाटातून वेचण्याच्या गणितात पुण्याच्या आयुकाचा मोठा वाटा आहे. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ मध्ये, अपेक्षित लहरीचे नमुने मोजणीशी ताडून पाहण्याची पद्धत मांडली. २००९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांचा ‘इंडिगो’ हा गट उभा राहिला. हॅनफर्डसाठी ठरलेला तिसरा संच दुसऱ्या खंडात न्यावा, म्हणजे लहरीची दिशा अचूक काढता येईल, असा विचार तेव्हा चालू होता. ऑस्ट्रेलियाला ते जमले नाही आणि संच भारताकडे यायचे ठरले. शोधाच्या घोषणेनंतर आठवड्याभरात, १७ फेब्रुवारी २०१६ला, केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता मिळाली आणि ११ मे २०२३ला पायाभरणी झाली. काम २०३० पर्यंत पुरे करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आयुकासह इंदूरची आरआरकॅट, गांधीनगरची आयपीआर आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा त्यात आहेत.

औंढ्याचा परिसर निवडला तो सपाट जमीन, समुद्रापासूनचे अंतर, कमी वर्दळ आणि शांत भूमी यांसाठी. या शेवटच्या बाबतीत जिल्ह्याची जमीन अगदी गप्प नाही. वसमत, औंढा आणि कळमनुरी तालुक्यांतल्या गावांत कित्येक वर्षे जमिनीतून ‘गूढ आवाज’ ऐकू येतात. १० जुलै २०२४च्या सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ होता. असे धक्के अधूनमधून बसतात आणि त्या वेळी अशा यंत्राची मोजणी काही काळ थांबते. रोजची अखंड थरथर मात्र त्याला अधिक जाचते. म्हणून आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांनी लोंबते ठेवतात आणि ज्या मंचावरून ते टांगतात तो मंच जमिनीची हालचाल ओळखून उलट दिशेने हलतो. पॉट्सडॅमच्या तळघरात मायकेलसन यांना जे करता आले नाही, ते या टांगणीने साधले आहे.

प्रकल्पाचे पूर्ण इंग्रजी नाव ‘लेसर इंटरफेरोमीटर ग्रॅव्हिटेशनल-वेव्ह ऑब्झर्व्हेटरी’ असे आहे. हिंगोली, औंढा, कळमनुरीत ते कोणी उच्चारत नाही. तिथे या प्रकल्पाला ‘लायगो’ किंवा ‘लिगो’ म्हणतात, आणि लॅटिन-ग्रीकचा हा जोडशब्द त्यात ‘आय’ या एका अक्षरापुरता उरला आहे.